मणिभाईंच्या माघारी बायफ

दावणीची गाय माजावर आली की आपल्या भागातल्या जुन्या बाया अजूनही म्हणतात, "बायफच्या डॉक्टरला फोन लावा." येणारा डॉक्टर कधी सरकारी दवाखान्याचा असतो, कधी दूध संघाचा, कधी खासगी. पण तोंडात नाव बायफचंच.

आज या बायफचीच गोष्ट सांगणार आहोत, आणि आत्ताच सांगायला कारण आहे. आपल्या गटांना पंधरा वर्षं हात देणारी संस्था येत्या एप्रिलपासून बदलते आहे. मोठ्या ताई निवृत्त होताहेत, तालुक्याचं ऑफिस लहान होतंय, आणि बियाणं, शेळ्या, दूध ही कामं यापुढे प्रभागसंघाने बघायची असं ठरलंय. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत कुजबुज आहे. कोणी म्हणतं संस्था बंद पडणार, कोणी म्हणतं संस्था विकली. (संस्था काय म्हैस आहे, बाजारात नेऊन विकायला!) आम्ही सगळ्या समन्वयकांनी मिळून ठरवलं की कुजबुजीच्या मागे धावण्यापेक्षा आपल्याच राज्यात उभी राहिलेली, शेतकऱ्यांत काम करणारी आणि बदलत बदलत पन्नास वर्षांच्या पुढे गेलेली एखादी संस्था नीट उलगडून बघावी. ती कशामुळे बदलली, बदल कोणी ठरवला आणि त्यात बायांच्या हाती काय लागलं.

तर चला उरुळी कांचनला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले होते. गरीब आजारी माणसांवर माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांनी उपचार करायचे, म्हणून तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. गांधीजी पुढच्या कामाला निघून गेले. मागे राहिलेल्यांत पंचविशीतला एक गुजराती तरुण होता, मणिभाई देसाई. सुरत जिल्ह्यातला, विज्ञान शिकलेला, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहून आलेला. मरेपर्यंत इथेच राहायचं असं त्याने ठरवलं, आणि तसा राहिला.

आश्रमाचं काम माणसं बरी करण्याचं. पण पोटात काही नसेल तर मातीची पट्टी कपाळावर ठेवून किती दिवस बरं वाटणार? मणिभाई हळूहळू शेतीकडे वळले. पडीक जमीन लागवडीला आणली, ऊस केला, द्राक्षं केली, मुलांसाठी शाळा काढली. गोशाळेत सौराष्ट्रातली गीर गाय आणली. तिला पोटभर चारा, वेळेवर पाणी, चांगल्या आईच्या पोटच्या वळूशी जोड, आणि प्रत्येक गायीच्या दुधाची वहीत नोंद. आपण गटाच्या वहीत बचत लिहितो तशी. उरुळीच्या गीर गायींचं नाव लांबवर गेलं ते यामुळे.

इथे एक हिशेब मांडून बघा. १९४६ पासून १९६७ पर्यंत एकवीस वर्षं झाली. एवढा काळ हा माणूस मुख्यतः एका गावात आणि आसपास काम करत होता. आजकाल प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि दुसऱ्याच वर्षी "परिणाम दाखवा" म्हणून कागद येतो. असो.

१९६७ मध्ये मणिभाईंनी वेगळी संस्था काढली. तिचं नाव भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन. त्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून झालं बायफ. हा पहिला मोठा बदल. आश्रम होताच, मग नवी संस्था कशाला? आम्ही याचा विचार केला तेव्हा असं दिसलं की काम बदललं की त्याला वेगळं घर लागतं. आश्रम हा सेवाभावाने चालणारा, एका जागी बसलेला. आता करायचं होतं ते गावोगावच्या गोठ्यांत जाऊन. त्याला प्रयोगशाळा हवी, शिकलेले पगारी डॉक्टर हवेत, गाड्या हव्यात, सरकारशी आणि बाहेरच्या देशांशी करार करता येईल असा सार्वजनिक विश्वस्त निधी हवा. आश्रमाच्या वहीत हे सगळं मावलं नसतं.

काम काय होतं ते बायकांना समजावून सांगायला नको, पण नव्या सुनांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या गावरान गायी लिटर-दोन लिटर दूध द्यायच्या. होल्स्टिन आणि जर्सी या परदेशी जातीच्या वळूंचं वीर्य घेऊन गावरान गाय भरवायची, म्हणजे होणारी कालवड मोठी झाल्यावर कितीतरी पट दूध देते. वळू गावोगाव फिरवणं शक्य नाही. म्हणून वीर्य बारीक कांड्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्याची थंडी शून्याखाली १९६ अंश. त्या थंडीत ते वर्षानुवर्षं टिकतं. डॉक्टर ते भांडं मोटारसायकलला बांधून दारात येणार आणि गाय भरवणार. साधारण दहा-पंधरा गावांना मिळून एक केंद्र. आधी शेतकऱ्याने गाय हाकत दवाखान्यात न्यायची, तोवर तिचा माज उतरून जायचा. आता डॉक्टर गोठ्यात आला. बायफचं मोठेपण परदेशी वळूत जेवढं आहे तेवढंच या दारापर्यंत येण्यात आहे असं आम्हाला वाटतं.

आणि काळ कसा होता ते आठवा. पाचच वर्षांत १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या दुष्काळाने माणसांना एक शिकवलं, की नुसत्या पावसाच्या पिकावर घर चालत नाही. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो. पश्चिम महाराष्ट्रात त्याला दुधाचा पगार म्हणतात, ते उगीच नाही. ज्या घरात कधी पगार आला नव्हता तिथे पगार आला. मुलं शाळेत टिकली, दुकानदाराची उधारी फिटली, काही घरांवर पत्रे चढले. हे सगळं संकरित गायीनेच केलं असं नाही, दूध संघ, डेअऱ्या, रस्ते हेही होते. पण गाय नसती तर संघाने गोळा काय केलं असतं?

आता दुसरी बाजू. गावरान गाय दिवसभर रानात चरायची आणि संध्याकाळी घरी यायची. संकरित गाय दावणीला. मग वैरण कोण आणणार? घास कोण कापणार? सकाळ-संध्याकाळ धारा, गोठा झाडणं, शेण काढणं, आंबोण भिजवणं, उन्हाळ्यात दोनदा अंगावर पाणी मारणं, कासेला दगडी झाली की रात्री उठून शेकणं. हे सगळं आलं बायांकडे. आणि डेअरीत खातं कोणाचं? मालकाचं. फॅटची चिठ्ठी कोणाच्या खिशात? मालकाच्या. आम्ही गेल्या वर्षी आपल्या सहा गावांतल्या दूध घालणाऱ्या बायांना विचारत फिरलो होतो. बहुतेकींना गाय किती दूध देते ते मिलिलिटरपर्यंत ठाऊक होतं. गेल्या दहा दिवसांचा पगार किती आला ते फार थोड्या सांगू शकल्या.

त्या काळच्या कामाचं मोजमाप गायीवर होतं. किती गायी भरवल्या, किती वासरं झाली, किती दूध वाढलं. गायीमागची बाई त्या वहीत नव्हती. एकट्या बायफलाच दोष द्यावा असं हे नाही, त्या काळी कुठल्याच सरकारी वहीत ती नव्हती. पण इतिहास सांगायचा तर हेही सांगायला हवं.

शेतकऱ्यांचीही एक तक्रार होती, आणि ती रास्त होती. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जवळजवळ नसतं. जू बसतं ते वशिंडाच्या पुढे. शिवाय ऊन लागलं की तो धापा टाकतो. खिल्लाराची सर त्याला कशी यावी? म्हणजे कालवड झाली तर घरात पेढे आणि गोऱ्हा झाला तर तोंडं पडलेली. पुढे बायफनेही गीर, साहिवाल अशा देशी जातींवर काम केलं. ज्या गीर गायीपासून उरुळीत सुरुवात झाली होती तिच्याकडे पुन्हा वळावं लागलं.

दुसरा मोठा बदल झाला तो महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, पण आपल्या सुरगाणा-पेठच्या डोंगरांना लागूनच. दक्षिण गुजरातमधला वांसदा तालुका. आदिवासी वस्ती, उताराची जमीन, पाऊस धो धो, आणि दिवाळीनंतर प्यायला पाणी नाही. माणसं ऊसतोडीला, कारखान्यांच्या कामाला बाहेर जाणारी. तिथे चारा नाही, पाणी नाही. वीस लिटरची गाय पोसायची कशावर? म्हणजे ज्या कामावर संस्थेचं नाव झालं, ते काम तिथे उपयोगाचं नव्हतं.

१९८२ मध्ये वांसद्यात सुरू झालं ते वाडीचं काम. एका कुटुंबाची साधारण एक एकर उताराची जमीन घ्यायची. बांध घालायचे, खड्डे खणायचे, त्यात आंब्याची किंवा काजूची कलमं लावायची, कडेने जळणाची आणि चाऱ्याची झाडं आणि काटेरी कुंपण, मधल्या जागेत भात, नागली, भाजी. खड्डे खणण्याच्या दिवसांची थोडी मजुरी संस्थेने द्यायची, कारण हातावर पोट असलेला माणूस पाच वर्षांनी लागणाऱ्या आंब्यासाठी आज रिकाम्या पोटी खणू शकत नाही. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात झाडं जगवायची हंड्याने पाणी घालून. हंडा म्हटला की तो कोणाच्या डोक्यावर, हे सांगायला नको.

गंमत बघा, त्याच वर्षी म्हणजे १९८२ ला मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पद्मश्री १९६८ मध्येच मिळाली होती. एवढा मान मिळाला की माणूस आहे तेच काम जपतो. संस्थाही तेच करतात, चालत्या गाडीला खीळ कशाला घाला म्हणून. इथे नावाजलेलं काम बाजूला ठेवून आंब्याच्या खड्ड्यापासून सुरुवात केली. आमच्या मते बायफच्या इतिहासातलं सर्वात धाडसाचं पाऊल हे, परदेशी वळू आणणं नव्हे.

पण असा बदल कागदावर ठराव करून होत नाही. संस्थेची माणसं जनावरांची डॉक्टर. आता त्यांना कलम बांधायचं, पाणलोट आखायचं, लोकांच्या बैठका घ्यायच्या. गाय भरवायला गोठ्यात अर्धा तास पुरतो, वाडीला कुटुंबासोबत पाच-सात वर्षं काढावी लागतात. गोठ्यात मालकाशी बोललं की काम भागतं, वाडीत नवरा-बायको दोघांना बसवल्याशिवाय भागत नाही. कारण दोघांपैकी एक मजुरीला बाहेर गेला की झाडं वाळलीच. या कामाच्या गरजेपोटीच बाई वहीत आली. रोपवाटिका बायांच्या गटांनी चालवायच्या, गांडूळखत, भाजीपाला, बचत, सगळं वाडीच्या भोवती उभं राहिलं. आपल्या जव्हारकडे वाडीच्या जोडीला मोगराही आला. पहाटे कळ्या तोडायच्या आणि बाजारात पाठवायच्या. आंबा वर्षातून एकदा पैसा देतो, मोगरा हंगामात रोज देतो, आणि तो पैसा तोडणारीच्या हातात पडायची शक्यता जास्त.

मग संस्थेचं नावही बदललं. 'अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज' म्हणजे शेतीउद्योग हे शब्द गेले आणि नाव झालं बायफ डेव्हलपमेंट रिसर्च फाउंडेशन. अक्षरं ठेवली, अर्थ बदलला. पूर्वी 'बायफ' हे लांब नावाचं आखूड रूप होतं, आता तेच नाव झालं. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव सोडायचं नाही आणि नव्या कामाला जुना शब्द चिकटवायचा नाही, दोन्ही साधलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांना यातली सोय लगेच कळेल.

वाडीचं पुढे खूप झालं. जर्मनीच्या मदतीने नाबार्डने गुजरातमध्ये आणि नंतर महाराष्ट्रात हे काम वाढवलं, आणि २००३-०४ मध्ये आदिवासी विकास निधी काढून देशभर नेलं. आज अनेक राज्यांत 'वाडी' हाच शब्द सरकारी कागदात आहे. आपला मराठी-गुजराती शब्द, कोणी त्याचं भाषांतर करायला गेलं नाही.

आता ज्या प्रश्नासाठी ही गोष्ट सुरू केली तिकडे येऊ. १९९३ मध्ये मणिभाई गेले. ज्याने संस्था काढली, जिच्यात आयुष्य घातलं, ज्याच्या नावावर देणग्या येत होत्या, तो माणूस गेला. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. कोणाचा मुलगा गादीवर बसतो, दोन सहकारी भांडून दोन संस्था करतात, नाहीतर मागे पुतळा आणि कुलूप.

बायफचं तसं झालं नाही. संस्थेतच वर्षानुवर्षं काम केलेले डॉ. नारायण हेगडे पुढे आले. त्यांच्यानंतर गिरीश सोहनी, मग डॉ. भरत काकडे. पिढी बदलली, काम चालू राहिलं. हे नशिबाने झालं असं आम्हाला वाटत नाही. गाय भरवण्याचं काम असं होतं की ते शिकवता येतं, मोजता येतं, वहीत लिहिता येतं. मणिभाईंच्या अंगात काही जादू होती आणि त्यांनी हात लावला की गाय दूध द्यायची, असं नव्हतं. नेत्याला जमतं तेच दुसऱ्या पन्नास जणांना शिकवलेलं असेल, तर नेता गेल्यावर रडू येतं पण गोठ्यातलं काम थांबत नाही.

दुसरं असं, की एका मोठ्या संस्थेने सगळं पुण्यातून चालवायचं हे पुढे झालं नाही. राज्याराज्यांत सहयोगी संस्था झाल्या. महाराष्ट्रात मित्रा, गुजरातच्या आदिवासी भागात ध्रुव, कर्नाटकात तिपटूरला बर्ड-के. भाषा वेगळी, पाऊस वेगळा, सरकार वेगळं, मग कारभारही जवळून व्हावा.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग सगळं छानच झालं की. तर इथे थोडं थांबू, कारण आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे.

बायफ हा सार्वजनिक विश्वस्त निधी आहे. ट्रस्ट. ट्रस्टचे मालक गावकरी नसतात, खरं तर कोणीच मालक नसतं. विश्वस्त असतात, ते कारभार बघतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतात. ज्यांच्या गायी भरवल्या, ज्यांच्या वाड्या लागल्या, ते 'लाभार्थी'. लाभार्थ्याला मत नसतं. हे बायफपुरतं नाही, आपल्याला मदत करणाऱ्या जवळपास सगळ्या संस्था अशाच असतात, ट्रस्ट नाहीतर सोसायटी. संस्था कुठल्या जिल्ह्यात जाणार, कुठून निघणार, काय बंद करणार, हे त्यांच्या सभेत ठरतं. संस्था चांगली असली तर विचारून ठरवते. तरी विचारणं वेगळं आणि मत असणं वेगळं.

वांसदा-धरमपूरकडे हे ओळखून वेगळी पावलं पडली. वाडीवाल्यांच्या गावोगाव समित्या झाल्या, त्यांच्या सहकारी संस्था झाल्या. वसुंधरा नावाच्या सहकारी संस्थेने आंब्याचा गर, लोणची, काजू करायला घेतलं. पुढे २००४ मध्ये अशा संस्थांना बांधणारी वसुंधरा अ‍ॅग्री-हॉर्टी उत्पादक कंपनी झाली, तिला वॅपकॉल म्हणतात. शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदाच मुळात नवा होता तेव्हा, वर्ष-दीड वर्षाचा. अशा कंपनीत सभासद शेतकरी व्यक्ती असतील तर कोणाचे शेअर जास्त, कोणाचे कमी, तरी मत प्रत्येकाला एकच. म्हणजे आंबा लावायला शिकवणारी संस्था ट्रस्ट राहिली, पण आंबा विकणारी संस्था वाडीवाल्यांची झाली. उद्या ट्रस्टने काम बदललं तरी त्या दुसऱ्या संस्थेच्या सभेला जायचा हक्क त्यांना कोणी दिलेला नाही, तो त्यांचा आहे. ती नीट चालते की तोट्यात जाते हा पुढचा प्रश्न. पण तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे.

आणि यातही बायांनी एक बघायचं. वाडी ज्या जमिनीवर, तिचा सातबारा कोणाच्या नावावर? सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून कित्येक ठिकाणी बाईला सभासद करून घेत नाहीत. पाणी तिने घातलं आणि सभेला तो गेला. डेअरीच्या खात्यासारखंच झालं. कायद्यात पाहिलं तर उत्पादक कंपनीत सभासद व्हायला शेतीतलं उत्पादन करणारी असणं पुरतं, सातबाराच हवा असं काही नाही. शेळी पाळणारी, दूध घालणारी, भूमिहीन बाईसुद्धा उत्पादक आहे. हे आपल्याकडे ठासून सांगावं लागतं, म्हणून इथे सांगितलं.

आता हा सगळा उजेड आपल्या प्रभागसंघावर टाकून बघा. संस्था एप्रिलपासून बदलते आहे, तो निर्णय त्यांच्या सभेत झाला आणि तो बदलणं आपल्या हातात नाही. पण आपल्या हातात बरंच आहे, आणि ते आत्ताच मागून घ्यायचं आहे. दूध थंड करायचं यंत्र कोणाच्या नावावर बिलात आहे? शेळ्यांच्या औषधाची पेटी आणि तिचा फिरता निधी कोणत्या बँक खात्यात आहे, सह्या कोणाच्या चालतात? पशुसखींना लसीकरणाचे जे पैसे मिळतात ते संस्था देत होती की शेळीवाल्या देत होत्या? संस्था देत असेल तर एप्रिलपासून दर ठरवावा लागेल, आणि शेळीमागे दहा रुपये द्यायला कुरकुर करणाऱ्या आपल्यातल्याच असतील. पंधरा वर्षांचे पिकांचे आणि कर्जाचे आकडे संस्थेच्या संगणकात आहेत, ते कागदावर छापून आपल्याकडे हवेत. आम्ही चौदा ग्रामसंघांत हे प्रश्न लिहून पाठवले आहेत. नऊ जणींची उत्तरं आली. राहिलेल्या पाच कुठल्या ते रेडिओवर सांगत नाही, त्यांना ठाऊक आहे.

आता शेवटचा बदल, जो आम्हाला सगळ्यात आवडतो. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. तिथल्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. शाळेत कधी गेल्या नाहीत. घरातली लहान मुलं आजारी पडायला लागली तशा त्या पुन्हा घरच्या, औषध न मारलेल्या भाजीकडे आणि गावरान बियाण्याकडे वळल्या, असं त्यांनीच ठिकठिकाणी सांगितलं आहे. वाल, घेवडा, भात, रानभाज्या, असं जुनं बियाणं त्या जमवत आणि राखेत घोळवून, मडक्यात घालून जपत आल्या. बायफची माणसं त्या भागात काम करत होती, त्यांनी ते पाहिलं आणि बियाणं बँक उभी करायला साथ दिली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट कुठे बसते ते बघा. १९६७ ला ज्ञान परदेशातून, नायट्रोजनच्या भांड्यात बसून गोठ्यात आलं होतं. देणारे ते, घेणारे आपण. पन्नास वर्षांनी तीच संस्था एका न शिकलेल्या बाईच्या घरात जाऊन वहीत लिहून घेते आहे की हा वाल कोणता, तो कधी पेरायचा, शेंग कधी तोडायची. मणिभाईंनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. पद्मश्री संस्थापकालाही मिळाली होती आणि आता ती 'लाभार्थी' म्हणून जिची नोंद झाली असती तिलाही मिळाली.

त्या भागातल्या बायांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती केली आहे. बियाणं न्यायला पैसे लागत नाहीत. एक वाटी नेली तर पीक आल्यावर दोन वाट्या परत आणायच्या. एवढाच नियम, आणि तो मोडला तर वसुलीला साहेब येत नाही, शेजारीण येते.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला आपण बियाण्यावरच बोलणार आहोत. ज्यांच्या घरी काळा घेवडा, गावरान वाल, जुनी ज्वारी किंवा सासूने ठेवलेलं कसलंही बी असेल, त्यांनी मूठभर पुडीत बांधून केंद्रावर आणा. पुडीवर गावाचं नाव, बियाण्याचं घरात चालणारं नाव आणि ते कोणी दिलं ते लिहा. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ. नमस्कार.